कालचाच भाव

७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्यावर निर्यातबंदी घातली. ८ तारखेला, शुक्रवारी सकाळी, लासलगावसह बऱ्याच बाजार समित्यांत लिलाव बंद पडले आणि चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. आम्ही बाजारभावाचं अ‍ॅप चालवतो, ऑफिस गंगापूर रोडला. चहाचा पहिला घोट घेतोय तोच अलार्म वाजायला लागले. एक भाव उघडायला आठ-आठ सेकंद लागत होते.

भाव रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवलेले; ज्या नावाखाली एक नोंद ठेवतात ती तिची 'की' (key). क्लस्टरचं, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशीनच्या गटाचं माप मीच काढलं होतं आणि त्याचा मला जरा गर्वही होता. तीन शार्ड, म्हणजे डेटाचे तीन वाटे, प्रत्येकाची एक मुख्य मशीन (प्रायमरी) आणि तिची प्रत ठेवणारी एक रेप्लिका, क्लाउडवरच्या १६ जीबीच्या सहा मशीन. एका शार्डचा डेटा ८ जीबी. नवी रेप्लिका जोडताना प्रायमरी फोर्क करून, म्हणजे स्वतःचीच दुसरी प्रक्रिया सुरू करून, डेटाची प्रत काढते आणि त्या वेळात जेवढं नवं लिहिलं जाईल तेवढी मेमरी जादा लागते, म्हणून जागा राखून ठेवलेली. मेमरीचं गणित चोख होतं. बाकी कशाचं गणित केलंच नव्हतं, हे त्या सकाळी कळलं.

डॅशबोर्डवर मेमरी निवांत, सीपीयू ४० टक्के. मग अडलंय कुठं? मी म्हटलं, शार्ड वाढवू. आमच्या सिनिअर ताईंनी मान वर न करताच विचारलं, "सगळे काय उघडतायत?"

"लासलगाव, उन्हाळ कांदा."

"म्हणजे एकच 'की'. शार्ड दहा केलेस तरी ती की एकाच शार्डवर राहणार ना?"

बरोबर होतं. क्लस्टरमध्ये १६,३८४ स्लॉट, म्हणजे कप्पे असतात, ते शार्डांत वाटलेले, आणि एक की एकाच स्लॉटमध्ये बसते. शार्ड वाढवून डेटा पांगतो, एका कीवरची गर्दी पांगत नाही. गर्दीला उत्तर रेप्लिका. एवढं ऐकलं आणि मी घाईघाईनं त्या शार्डला दुसरी रेप्लिका जोडून मोकळा झालो.

दीड मिनिटात सिंक, म्हणजे नव्या रेप्लिकेकडे प्रत जाणं, तुटलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू, पुन्हा तुटलं. लॉगमध्ये तीच ओळ चार वेळा. प्रत जात असताना आलेलं नवं लिखाण प्रायमरी रेप्लिकेसाठी बफरमध्ये, तात्पुरत्या जागेत, साठवते. रेडिसची मूळ सेटिंग अशी की हा बफर २५६ एमबी झाला, किंवा सलग ६० सेकंद ६४ एमबीच्या वर राहिला, की जोडणी तोडायची. आमचं अ‍ॅप दर दहा सेकंदांनी भाव विचारायचं आणि दर वेळी त्या माणसाचं दोन केबीचं अख्खं सेशन, म्हणजे लॉगिनची नोंद, परत लिहायचं. का? कुणालाच आठवेना. (कोड माझ्याच नावावर निघाला.)

दरम्यान ताईंनी नेटवर्कचा आलेख उघडला. रेषा वर जाऊन सपाट झालेली, पत्र्याला टेकल्यासारखी. मशीनच्या माहितीत लिहिलं होतं, 'दहा गिगाबिटपर्यंत'. मी 'दहा' वाचलं होतं, 'पर्यंत' वाचलं नव्हतं. तो वेग घटकाभराचा. कायमचा मिळतो तो पाऊण गिगाबिट. आणि भावाच्या एका कीत आम्ही दोन वर्षांचा इतिहास कोंबलेला, ६० केबी. सेकंदाला ३ हजार वेळा वाचली तर १८० एमबी, म्हणजे जवळजवळ दीड गिगाबिट. त्याच चिंचोळ्या गल्लीतून मी वर ८ जीबीची प्रत ढकलत होतो.

"आधीची रेप्लिका काय करतेय?" ताईंनी विचारलं.

काही नाही. सीपीयू दोन टक्के. क्लस्टरमध्ये रेप्लिकेकडून वाचायचं तर आधी 'रीडओन्ली' सांगावं लागतं, नाहीतर ती प्रायमरीकडे बोट दाखवते. रेडिसशी बोलणाऱ्या आमच्या क्लायंट कोडमध्ये ते चालूच केलेलं नव्हतं. वर्षभर ती फक्त प्रायमरी पडायची वाट बघत बसली होती. तेही कामच आहे म्हणा, पण आम्ही तिला वाचनासाठी घेतली असं मीच बिलाच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

नवी रेप्लिका थांबवली. भावांचं वाचन दोघींत निम्मं-निम्मं वाटलं. सेशन मात्र प्रायमरीवरूनच, कारण रेप्लिका क्षणभर मागे असू शकते आणि लॉगिन केलेल्याला पुन्हा लॉगिन मागितलं तर फोन आमच्याकडेच येतात. एकेका मशीनवर ७२० मेगाबिट, मर्यादा ७५०. कसंबसं मावलं. मग सेशनचं लिखाण बंद केलं, कीतून इतिहास वेगळा काढला, आणि त्यानंतर जोडलेली रेप्लिका पहिल्याच फटक्यात सिंक झाली. तोवर साडेअकरा वाजले होते.

ताई म्हणाल्या, "लिलाव बंद आहेत. भाव बदलतच नाहीये. सर्व्हरनं दहा सेकंद स्वतःजवळ धरून ठेवला असता तर रेडिसपर्यंत फारसं काही आलंच नसतं." दुपारी तेही केलं, वीसेक ओळींत.

जेवायला बसणार तोच मामाचा फोन.

"काय रे, तुझं अ‍ॅप सकाळपासून उघडत नव्हतं. आता उघडलं तर कालचाच भाव दाखवतंय."

"मामा, लिलावच बंद आहेत आज."

"ते मला सांगतो का? मी इथं चांदवडला रस्त्यावर बसलोय. बाकीच्यांनी कुठं चालू केले का, तेवढं बघत होतो."