अणू आणि आयन: लेकीबरोबर मी काय शिकलो

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, शिक्षण आयटीआयपर्यंत. लेक अकरावी सायन्सला गेली तशी कामावरून आल्यावर तिच्या शेजारी बसून मीही रसायनशास्त्र वाचायला लागलो. अणूनं इलेक्ट्रॉन गमावला की धन आयन होतो, मिळवला की ऋण आयन. 'धन आयन अणूपेक्षा लहान, ऋण आयन मोठा' हे तिला पाठ होतं. मला त्यामागचं कारण हवं होतं.

सोडियमचं लगेच पटलं. 11 प्रोटॉन, 11 इलेक्ट्रॉन, मांडणी 2, 8, 1. बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन गेला की तिसरं कवचच उरत नाही. शिवाय राहिलेल्या 10 इलेक्ट्रॉनांना ओढायला प्रोटॉन 11 च असतात. धातूतल्या सोडियमची त्रिज्या 186 पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग), आयनाची 102.

क्लोरीनपाशी गाडी अडली. पुस्तकात अणू 99, आयन 181. एक इलेक्ट्रॉन वाढल्यानं आपसातलं ढकलणं वाढतं हे मान्य, पण नवं कवच आलेलं नसताना जवळजवळ दुप्पट कसं? आमच्या कामात माप ऐकलं की आधी विचारतात, कुठून कुठपर्यंत घेतलं? तेच मी लेकीला विचारलं आणि आम्ही शोधत बसलो.

अणूला पक्की कड नसते. 99 म्हणजे क्लोरीनच्या रेणूतल्या दोन केंद्रकांमधल्या अंतराचं निम्मं, आणि तिथं दोन्ही अणूंचे इलेक्ट्रॉन-ढग एकमेकांत शिरलेले असतात. एकमेकांशी बंध नसलेले क्लोरीन अणू जवळ येतात तेव्हाची त्रिज्या, म्हणजे व्हॅन डर वाल्स त्रिज्या, साधारण 175 धरतात. तिच्याशेजारी 181 ठेवा. आयन मोठाच, पण दुप्पट नव्हे. हे आम्हाला कळलं त्या रात्री जेवायला उशीर झाला, पण मला फार समाधान वाटलं.

आयनाचं मापही थेट मिळत नाही. क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकात सोडियम ते क्लोराइड अंतर मिळतं, सुमारे 282. त्यातलं कुणाचं किती, हे ठरवावं लागतं. 1920 मध्ये लांडे या शास्त्रज्ञांनी लिथियम आयोडाइड घेतलं: लिथियम इतका लहान की आयोडाइड एकमेकांना टेकलेले असणार, म्हणून त्यांच्यातल्या अंतराचं निम्मं ही आयोडाइडची त्रिज्या. वाटणीची पद्धत बदलली की आकडेही बदलतात. पॉलिंग यांच्या तक्त्यात सोडियम आयन 95, शॅनन यांच्या 1976 च्या तक्त्यात, आयनाला लागून सहा शेजारी आयन असताना, 102. म्हणून माझं मुलांना सांगणं, एका गणितात एकच तक्ता वापरा.

पुढचं लेकीला सोपं गेलं. ऑक्साइड 140, फ्लोराइड 133, सोडियम 102, मॅग्नेशियम 72, ॲल्युमिनियम 53.5. या सगळ्या आयनांत इलेक्ट्रॉन 10 च, प्रोटॉन मात्र 8 पासून 13 पर्यंत वाढत जातात, म्हणून ओढ वाढते आणि आकार घटतो.

मग मी तिला लोखंड दिलं, माझ्या रोजच्या कामाचं. दोन इलेक्ट्रॉन गेलेला आयन मोठा की तीन गेलेला? "बाबा, प्रोटॉन दोन्हीकडं 26 च. तीन गेलेल्यात इलेक्ट्रॉन कमी, म्हणजे तोच लहान." मग तक्ता उघडला. सहा शेजारी आणि उच्च स्पिन (म्हणजे जास्तीत जास्त इलेक्ट्रॉन जोडीविना एकेकटे) असताना 78 आणि 64.5.