झिजायला ठेवलेली कांडी

गीझरशी माझी ओळख एका लाल दिव्यापुरती होती. दिवा लागला की थांबायचं, विझला की टॉवेल घेऊन निघायचं. इतक्या वर्षांच्या सहवासात त्याच्या पोटात काय आहे, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. मग एका सकाळी तो बोलायला लागला. आधी बारीक सुस्कारे, आणि आठवड्याभरात पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तशी खडखड.

माझा पहिला संशय असा की म्हातारा थकला, पाणी तापवायला वेळ लावतो. घड्याळ लावून बसलो. टाकी १५ लिटरची, कॉइल २००० वॅटची. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात; २० अंशांवरून ६० वर न्यायचं तर हिशेब सुमारे २१ मिनिटांचा येतो. दिवा विझला बाविसाव्या मिनिटाला. म्हणजे कामात कुचराई नव्हती, नुसती कुरकुर होती. (असे सहकारी मी ऑफिसात पाहिले आहेत.)

मेकॅनिक आला. नुसतं बटण बंद करून त्याचं समाधान झालं नाही. आधी बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे विजेचा मुख्य खटका, खाली पाडला, मग टेस्टर लावून खात्री केली, मग टाकी रिकामी केली आणि नट सोडवून कॉइल बाहेर ओढली. कॉइल कसली, जाड पांढऱ्या सालीचं मूळच! तळाशी वाटीभर खडे.

हा सगळा पाण्यातला चुना. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. हा गडी उफराट्या स्वभावाचा. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि त्याचं न विरघळणारं कार्बोनेट होऊन बसतं. बसतं तेही जिथं सर्वांत गरम तिथं, म्हणजे कॉइलच्या अंगावर. त्या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिचे बुडबुडे फुटतात, तीच खडखड. वीज वाया जात नाही, कारण उष्णता उशिरा का होईना पाण्यातच उतरते. पण पांघरूण घेऊन राबणारी कॉइल स्वतः भलतीच तापते आणि लवकर जळते. मेकॅनिकने ती सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवली. फसफस सुरू झाली आणि तासाभरात मूळ रंग दिसला.

माझं लक्ष मात्र तिच्या शेजारच्या एका काळपट तारेकडे गेलं होतं.

"ही तार कशाची?"

"तार नाही हो, कांडी होती. मॅग्नेशियमची. संपली."

"तिचं काम काय?"

"संपणं."

हे उत्तर मला भलतंच आवडलं. टाकी पोलादाची असते, आतून काचेसारख्या एनॅमलचा लेप असतो. पण लेपाला कुठं ना कुठं सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात आणि पाण्याला तेवढं पुरतं. मॅग्नेशियम पोलादापेक्षा आधी गंजतं. दोन्ही धातू एकमेकांना जोडून एकाच पाण्यात ठेवले की गंजण्याची पाळी मॅग्नेशियम आपल्यावर घेतं आणि टाकी वाचते. ते संपलं की टाकीची पाळी सुरू होते. कॉइल बदलता येते, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट बदलता येतो. टाकीला भोक पडलं की गीझरच बदलायचा. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी कांडी बाहेर काढून बघायची, आणि निम्म्याहून अधिक झिजली असेल तर नवी बसवायची. मी एकदाही बघितली नव्हती. अशी कांडी असते हेच माहीत नव्हतं, तर बघणार काय?

ही युक्ती गीझरपेक्षा कितीतरी जुनी आहे. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राचं पाणी ते खाऊन टाकायचं. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने त्या पत्र्यांना जस्ताचे किंवा बिडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं गंजायचं खरोखर थांबलं. पंचाईत अशी झाली की विरघळणारं तांबंच शंख-शिंपल्यांना बुडापासून दूर ठेवत होतं. आता ते विरघळेना, तेव्हा बुडाला जीवजंतूंची ही गर्दी झाली आणि जहाजं मंदावली. प्रयोग यशस्वी झाला आणि गुंडाळावा लागला.

जाता जाता मेकॅनिकने मला झापलंही. गीझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायचं, म्हणून मी तिथं टेप गुंडाळली होती. "हे कुणी केलं?" मी गप्प. तापताना पाणी फुगतं. १५ लिटरचं जवळजवळ पाव लिटर वाढतं. ते वाढलेलं पाणी जाणार कुठं? आणि थर्मोस्टॅट अडकून पाणी तापतच राहिलं, तर टाकी फुटू नये म्हणून उरलेली शेवटची वाट तीच. टेप निघाली. वर अधूनमधून त्याची दांडी उचलून बघायची ताकीद, म्हणजे चुन्याने व्हॉल्व्ह चिकटायचा नाही.

थर्मोस्टॅट त्याने ६० वर ठेवला. त्याहून फार खाली, कोमट पाण्यात, लीजनेला नावाचे, फुप्फुसाचा आजार करणारे जंतू सुखाने वाढतात. ६० ला ते मरतात. आपली कातडीही तेवढ्या पाण्याने काही सेकंदांत भाजते, तेव्हा थंड पाणी मिसळल्याखेरीज अंगावर घ्यायचं नाही.

नवी कांडी चांगली बोटभर जाड होती. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरली, धार एकसारखी पडू लागली तेव्हाच एमसीबी वर केला. कोरडी कॉइल तापली तर क्षणात जळते. दिवा लागला. आवाज काही नाही. मी मार्करने गीझरच्या अंगावर त्या दिवसाची तारीख लिहिली.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "बाबा, ही कुणाच्या वाढदिवसाची तारीख?"


"कांडीच्या," म्हटलं, आणि जुनी तार तिला दाखवायला घेऊन आलो.