छप्पनची गाडी, नव्व्याण्णवची गाडी

खामगाव ते शेगाव १६-१७ किलोमीटर. आमच्या आबाजींच्या हिशेबात मात्र ते अंतर किलोमीटरमध्ये नव्हतंच. “तीन थांबे, अन् चवथ्या दमात शेगाव,” असं ते सांगत. पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं बसायचं. बसलं की पाय वर. बांधावर, पिशवीवर, एकदा तर माझ्या पाठीवर. पलटणीतली सवय, वारीतही सुटली नाही.

गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा शेवटचा मुक्काम खामगावला असतो. पहाटे ती शेगावकडे निघते आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं लाखांनी रस्त्यावर उतरतात. पंढरपूरची पूर्ण वारी ज्याला जमत नाही, त्याची ही एका दिवसाची वारी. आबाजी पेन्शनवर आल्यापासून दरसाल चालत. मी दहा वर्षांचा झाल्यावर मलाही नेऊ लागले. पांढऱ्या कपड्यातले, एका रांगेत, टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकणारे संस्थानचे वारकरी आले की आबाजी रस्त्याच्या कडेला सरळ उभे राहत. “ह्या लोकाईले ड्रिल कोनं शिकवली रे?” हा प्रश्न त्यांना दरवर्षी नव्याने पडायचा.

आबाजी गेले त्याला दोन वर्षं झाली. मागल्या साली मी गेलो नाही. यंदा निघालो, तर आजी म्हणाली, “मी बी येतो. फाट्यावर उभी राह्यतो, तिथून चालतो.” सत्त्याहत्तर वर्षांची बाई. घरात कोणाचं ऐकायची तिला सवय नाही. सतरा वर्षं एकटीनं घर चालवल्यावर कोणाला असेल?

पहाटे पाचला खामगाव सोडलं. पाऊस भुरभुर. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी नि सोयाबीन, काळ्या मातीचा चिखल चपलेला चिकटून पाव-पाव किलो वाढलेला. दर शंभर पावलांवर कोणीतरी “माऊली, चहा घ्या” म्हणून हात धरतं. साबुदाण्याची उसळ, केळी, पुन्हा चहा. आबाजी असते तर एवढं खाऊ दिलं नसतं. भरल्या पोटानं मार्च होत नाही म्हणत. मी खाल्लं.

आबाजी १९६३ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग, मग जंगी पलटण, म्हणजे मराठ्यांची पहिली बटालियन. सुट्टी वर्षातून एकदा, दोन महिन्यांची. गाडीतून शेगावला उतरायचे, आधी महाराजांचं दर्शन, मग स्टेशनवरच्या कचोऱ्या वर्तमानपत्रात बांधून, काळी पेटी खांद्यावर टाकून चालत गावी. घरी येईपर्यंत कचोरी थंडगार आणि कागदावर तेल. माझ्या वडिलांना बापाची पहिली ओळख त्या तेलकट कागदाची. तिसऱ्या वर्षी त्यांनी आबाजींना “कचोरीवाले काका” म्हटलं होतं, आणि आबाजी त्यावर हसले नव्हते.

बाकी वर्षभर फक्त पत्रं. फौजीच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, नाव, पलटण, आणि खाली ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’, म्हणजे फौजेचं टपालघर. एवढ्यावर पत्र बर्फात जातं की वाळवंटात, ते घरच्यांना कळत नाही. आजीला वाचता येत नव्हतं, पण तो आकडा ती ओळखायची. एका वर्षी ५६ चे ९९ झाले. पोस्टमननं सांगितलं, ९९ म्हणजे पूर्वेकडे, बंगाल-आसामच्या अंगाला. आजीनं सगळी पत्रं दोन गड्ड्यांत बांधून ठेवली आहेत. छप्पनची एक, नव्व्याण्णवची एक. नव्व्याण्णवची बारीक आहे.

१९७१ च्या लढाईबद्दल आबाजी फार बोलत नसत. गावातले पोट्टे जमालपूरची, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या लढाईची गोष्ट मागायचे: आमच्या ब्रिगेडिअरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर समोरच्या कमांडरनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. गोष्ट रंगात आली की आबाजीच मधे म्हणायचे, “हे म्या पाह्यलं नाई, आयकलं.” त्यांनी पाहिलेलं वेगळं होतं. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीनं जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवला. १० डिसेंबरच्या रात्री आतली फौज ढाक्याकडे फुटायला निघाली आणि रात्रभर लढाई चालली. सकाळी जमालपूर पडलं. या सगळ्यातून आबाजींनी आम्हाला आवर्जून सांगितलेली गोष्ट एकच: पायमोजे ओले होते आणि बदलायला सवड नव्हती.

त्या डिसेंबरात आजी कापूस वेचत होती. लढाई संपल्याचं कोणीतरी बांधावरून ओरडून सांगितलं. नवरा जिवंत आहे की नाही, ते मात्र संक्रांत तोंडावर आली तेव्हा कळलं. पत्रात चार ओळी. मी खुशाल आहे, कापूस किती झाला, बैलाची शिंगं रंगवली का, पोराला शाळेत घाला.

पूर्वेकडच्या त्या लढाईसाठी आबाजींना ‘पूर्वी स्टार’ हे पदक मिळालं. आजीच्या वाट्याला बहात्तरचा दुष्काळ आला. मनीऑर्डर यायची, पण विहिरीत पाणी नव्हतं नि बाजारात धान्य. घरात लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, शिजायची. आजी दोन लेकरं घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एकदा दगडाची कपची उडून तिच्या डाव्या पायाच्या घोट्याखाली घुसली.

आबाजींना ते पुढच्या सुट्टीत दिसलं. लांब चालून आलेल्या माणसाचे पाय बघायचे, ही त्यांची सवय. पलटणीत मार्चनंतर ‘पाव निरीक्षण’ व्हायचं म्हणे. आमच्या घरीही व्हायचं. वारीहून आलो की ओट्यावर सगळ्यांना बसवायचे, परातीत मिठाचं कोमट पाणी, मग एकेकाचा पाय मांडीवर. फोड आला असेल तर सुई तापवून त्यातून पांढरा दोरा ओवायचा नि दोरा तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी हळूहळू झिरपतं आणि कातडं फाटत नाही. त्या वर्षी त्यांनी आजीचाही पाय धरला. सासू समोर बसलेली. आजी लाजून मेली. आबाजींनी व्रणावर अंगठा ठेवून विचारलं, “हे काय?” आजी म्हणाली, “काई नाई.” एवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर दर सुट्टीत ते पहिल्या संध्याकाळी आधी तो पाय पाहायचे. हे मला आजीनंच सांगितलं, तेही आबाजी गेल्यावर.

फाट्यावर ती उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर प्लास्टिकची थैली, हातात आबाजींची काठी. गावाकडे वळणाऱ्या रस्त्याकडे काठी करून म्हणाली, “ह्या डांबराखाली माही खडी हाय.” आणि चालायला लागली. मी घड्याळ पाहिलं. पन्नास मिनिटं झाली तेव्हा “आजी, थांबा,” म्हटलं. ती म्हणाली, “तुह्या आबाजीचं पलटण नोको लावू मले.” पुढे दहा पावलांवर स्वतःच बसली आणि पाय दगडावर ठेवले.

शेगावात दर्शनाची रांग पाहून आम्ही कळसालाच हात जोडले. मी ऑटो शोधत होतो, तर ती म्हणाली, “मले टेशन दाखव.”

तेव्हा लक्षात आलं. शेगावला ती एसटीनं शंभरदा आली असेल, पण आबाजींना आणायला किंवा पोचवायला कधी नाही. सुनांनी स्टेशनावर जायची रीत नव्हती. ती दारातच थांबायची.

फलाटावर बाकड्यावर बसली. चपला काढल्या. मी खाली बसून तिचा डावा पाय मांडीवर घेतला, तिनं ओढून घेतला नाही. फोड नव्हता. व्रण आता सुरकुत्यांत मिसळलाय, शोधावा लागतो.

“कोन्त्या बाजूनं यायची त्याहिची गाडी?”

“छप्पन होते तेव्हा भुसावळकडून,” मी म्हटलं. “नव्व्याण्णव झाले तेव्हा अकोल्याकडून.”

ती आधी भुसावळच्या बाजूला बघत राहिली. मग अकोल्याच्या. तिकडे बराच वेळ. एक मालगाडी न थांबता गेली, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प.

“जाय,” मग म्हणाली, “कचोऱ्या घे दोन. कागदात बांधून माग. घरी जाऊन खाऊ.”