नुसते ओठ हलव

परवा दुपारी मागचं आवरून, डोळा लागेल या भरवशावर, १९४० सालचा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ लावला. मेरी बेनेट गायला लागली आणि कसली झोप! नाकावर चष्मा, चेहऱ्यावर विद्वत्ता आणि सूर असा, की ऐकणाऱ्याने पायातल्या चपला शोधाव्यात.

मेरी झालेली ती नटी म्हणजे मार्शा हंट. खरं तर तिला गाण्याचा चांगला कान होता, पुढे तिने स्वतः गाणी रचली. मुद्दाम बेसूर गायचं म्हणजे सूर कुठे आहे ते आधी पक्कं ठाऊक हवं, आणि मग नेमकं त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. आम्हाला हे जन्मजात येतं.

सहावीत पंधरा ऑगस्टच्या समूहगीतात मी तिसऱ्या ओळीत होते. तालमीत गाण्याच्या बाईंनी मध्येच पेटी थांबवली, ओळीओळीतून कान लावत आल्या, माझ्यापाशी उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “बाळा, तू नुसते ओठ हलव.” आम्हाला दुसरा नंबर मिळाला. खोबऱ्याच्या वडीत माझाही वाटा होता.

असो. तर मार्शाबद्दल वाचत बसले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. सतराव्या वर्षी पॅरामाउंट स्टुडिओचा करार, पुढच्या पंधरा वर्षांत पन्नासेक चित्रपट. १९४७ मध्ये सरकारी समिती हॉलिवूडमधले कम्युनिस्ट हुडकायला लागली, तेव्हा निषेधासाठी कलाकारांचं एक विमान वॉशिंग्टनला गेलं. बोगार्ट, बकॉल, डॅनी के आणि ही. कम्युनिस्ट वगैरे नव्हती ती; माणसाच्या मतांची झडती घेणारे तुम्ही कोण, एवढंच म्हणणं. वारं फिरलं तसा खुद्द बोगार्टनेही लेख लिहून आपण कम्युनिस्ट नसल्याची ग्वाही दिली. १९५० मध्ये कम्युनिस्टांशी जवळीक असल्याचा संशय असलेल्यांची नावं छापणारी ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली, त्यातल्या १५१ नावांत हिचंही. कामं आटली. त्या प्रवासाचा पस्तावा झाला म्हण, मग बघू, असं सुचवून झालं. ही म्हणेना.

मग १९५० च्या दशकात जगप्रवास करून आली आणि संयुक्त राष्ट्रांच्या कामाला लागली. निर्वासित, भूक, शेवटी स्वतःच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतले बेघर. २०२२ मध्ये गेली, १०४ वर्षांची होऊन.

दूध पुसताना आठवलं, सोसायटीच्या गणपतीत ‘घालीन लोटांगण’ला मी अजून ओठच हलवते. आता सवयच झालीय. वार्षिक सभेतसुद्धा, ठराव वाचून “सर्वांना मान्य?” विचारतात तेव्हा.

गेल्या सभेत वॉचमनला काढायचा ठराव होता.