कोऱ्या नळीतले जिवाणू

सत्तेचाळीस क्रमांकाच्या मुलीला मी कधीही पाहिलेले नाही. तिचे वय चार वर्षे आहे, जन्मानंतर काही महिन्यांतच तिला इसब सुरू झाला आणि दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला व गुडघ्यांच्या लवणींत तो वारंवार चिघळतो, एवढेच मला कागदावरून ठाऊक आहे. आमच्या प्रयोगशाळेत माणसे येत नाहीत, त्यांच्या नळ्या येतात. तरीही या एका मुलीच्या दोन नळ्यांनी माझा जो एक दिवस खाल्ला, तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

इसब असलेल्या मुलांच्या त्वचेवरील आणि आतड्यांतील जिवाणूंचा एकत्र अभ्यास करावा, असा आमचा प्रकल्प आहे. प्रत्येक मुलाच्या कोपरावरून स्वॅब घेतला जातो आणि त्याच आठवड्यातील शौचाचा नमुना घेतला जातो. दोहोंतील डीएनए वेगळा काढून त्यातील सोळा-एस नावाचे जनुक आम्ही वाचतो. सुमारे १५०० अक्षरांचे हे जनुक प्रत्येक जिवाणूत असते. त्याचे काही भाग सर्वांत जवळजवळ सारखे असतात आणि त्यांच्या मधले नऊ पट्टे जातीनुसार बदलतात. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली याच जनुकापासून बनणाऱ्या आरएनए रेणूंच्या तुलनेतून आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र गट दाखवून दिला होता. आज आम्ही तीच तुलना एका वेळी लाखो तुकड्यांवर करतो आणि कोणत्या नमुन्यात कोणाची वस्ती किती टक्के आहे, याचा रंगीत स्तंभ काढतो.

नऊपैकी कोणता पट्टा वाचायचा यावरून सुरुवातीलाच वाद झाला. आतड्यांवर काम करणारे सहकारी चौथा पट्टा वाचतात आणि त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. त्वचेसाठी मात्र तो घातक ठरतो, कारण त्यासाठी सर्रास वापरले जाणारे प्रायमर, म्हणजे पट्ट्याच्या कडांना चिकटून त्याच्या प्रती काढायला सुरुवात करणारे डीएनएचे छोटे तुकडे, त्वचेवर सर्वत्र असणाऱ्या क्युटिबॅक्टेरियम या जिवाणूला नीट पकडत नाहीत आणि स्टॅफिलोकॉकसच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. इसबात नेमके तेच हवे असते. स्टॅफिलोकॉकसची ऑरियस ही जात वाढली की एपिडर्मिडिस, हे कळले नाही तर अभ्यास कशासाठी करायचा? पहिला ते तिसरा हे पट्टे वाचावेत यासाठी मी तीन बैठका भांडले आणि जिंकले. त्या विजयाचा मला अजूनही थोडा गर्व आहे, हे कबूल करते.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट ही की, शौचाचा नमुना आणि त्वचेवरचा स्वॅब या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. शौचात जिवाणूंची खचाखच गर्दी असते. स्वॅबवर मुळातच थोडे जिवाणू येतात आणि जो डीएनए निघतो त्यातला बहुतांश रुग्णाचा स्वतःचा असतो. इतक्या थोड्या ऐवजावर काम करताना डीएनए काढण्याच्या किटमधले, पाण्यातले, प्लास्टिकमधले जिवाणूंचे अवशेषही वाचले जातात, कारण डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर या प्रक्रियेला आपले आणि परके कळत नाही. म्हणून नमुने एकत्र तपासण्याच्या प्रत्येक संचात, म्हणजे प्लेटवर, दोन कोऱ्या नळ्या ठेवायच्या असतात. एकीत हवेत उघडून बंद केलेला स्वॅब असतो, दुसरीत नुसती किटमधली द्रावणे. या नळ्यांना आम्ही ब्लँक म्हणतो आणि बहुतेक प्रयोगशाळांत त्यांना सावत्र मुलासारखे वागवले जाते.

त्या मंगळवारी सकाळी तिसऱ्या प्लेटचे आकडे आले. सत्तेचाळीस क्रमांकाच्या उजव्या कोपराचा स्तंभ इतरांपेक्षा सर्वस्वी वेगळा होता. शेजारच्या नमुन्यांत स्टॅफिलोकॉकस ठळक दिसत होता. हिच्याकडे तो नावापुरता होता आणि निम्म्याहून अधिक जागा ब्रॅडिरायझोबियम आणि राल्स्टोनिया यांनी व्यापली होती. तिच्या शौचाच्या नमुन्यातही एन्टरोकॉकसचे राज्य होते आणि या वयात भरपूर सापडणारा बायफिडोबॅक्टेरियम जवळजवळ नव्हता. एकाच मुलीत दोन्ही टोकांना विपरीत चित्र होते.

आमचे प्रमुख आनंदले. ब्रॅडिरायझोबियम हा मातीतला जिवाणू, शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नायट्रोजन बांधणारा. त्यांनी दहा मिनिटांत एक पूर्ण गोष्ट रचली: आतड्यातील संतुलन बिघडले, त्यामुळे प्रतिकारशक्ती बिघडली, त्वचेने आपले नेहमीचे रहिवासी गमावले आणि त्या रिकाम्या जागेत मातीतले जिवाणू वसले. परिषदेसाठी सारांश पाठवण्याची मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती. दुपारपर्यंत स्लाइडही तयार झाली. तिच्यावर आतड्यापासून कोपरापर्यंत जाणारा लाल बाण होता. आमचे प्रमुख वाईट शास्त्रज्ञ नाहीत. त्यांना गोष्ट फार लवकर सुचते, हीच त्यांची अडचण आहे.

घेवड्याच्या मुळातला जिवाणू एका मुलीच्या कोपरावर निम्म्याहून अधिक कसा, हा प्रश्न मला टोचत होता. मी आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याला ब्लँकचे स्तंभ दाखवायला सांगितले. ‘‘मॅडम, त्यात हजारसुद्धा रीड्स नव्हते, म्हणून प्रोग्रॅमने गाळले,’’ तो म्हणाला. रीड्स म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे. ते कमी का होते, तर यंत्राची प्रत्येक फेरी, म्हणजे रन, महाग असतो आणि कोऱ्या नळ्यांवर तो वाया जाऊ नये म्हणून सर्व नळ्यांतला वाचनासाठी तयार केलेला डीएनए (लायब्ररी) एकत्र करताना त्यांचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवायचे, असा आमच्याकडचा प्रघात आहे. आधी साक्षीदाराचे तोंड दाबायचे आणि मग तो काही बोलला नाही म्हणून त्याला यादीतून वगळायचे. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला जसे शिकवले गेले तसे त्याने केले.

माझ्या वहीत मात्र आणखी एक आकडा होता. सिक्वेन्सिंगपूर्वी, म्हणजे डीएनए वाचण्याआधी, प्रत्येक नळीत जिवाणूंचा डीएनए एकूण किती आहे, हे मी पीसीआरने मोजून ठेवते. बैठकीत हे काम अनावश्यक ठरवले गेले होते, म्हणून उरलेल्या द्रावणांत मी ते संध्याकाळी करत असे. प्रत्येक फेरीला डीएनए साधारण दुप्पट होतो. जितक्या उशिराच्या फेरीत तो यंत्राला दिसू लागतो, तितका तो मुळात कमी. शौचाचे नमुने पंधराव्या फेरीच्या आसपास दिसले होते आणि इतर मुलांचे स्वॅब पंचविसाव्या. सत्तेचाळीस क्रमांकाचा स्वॅब तेहतिसाव्या फेरीला दिसला होता आणि कोरी नळी चौतिसाव्या. म्हणजे शेजारच्या मुलांपेक्षा हिच्या स्वॅबवर अडीचशे पटींनी कमी ऐवज होता आणि जो होता तो कोऱ्या नळीच्या जेमतेम दुप्पट. निम्मा किटचाच असणार, हे सांगायला गणित लागत नाही. गाळलेले रीड्स मी परत उघडले तेव्हा ब्लँकमध्ये तेच दोन जिवाणू होते आणि त्यांच्या डीएनएतील अक्षरांचा क्रम तंतोतंत सारखा होता.

रंगीत स्तंभाची फसगत इथेच असते. त्याची बेरीज नेहमी शंभर येते. भरलेल्या गोदामाचे शंभर टक्के आणि रिकाम्या खोलीतल्या धुळीचे शंभर टक्के कागदावर एकाच उंचीचे दिसतात. याची ठेच या क्षेत्राला आधीच लागलेली आहे. गर्भाच्या वारेत (प्लासेंटात) स्वतःचे जिवाणू असतात, असा दावा २०१४ साली मोठ्या गाजावाजाने झाला आणि २०१९ साली पाचशेहून अधिक प्रसूतींच्या काटेकोर तपासणीत ते बहुतांशी किटमधले व हाताळणीतले निघाले. २०१४ सालीच साल्मोनेलाचे शुद्ध संवर्धन पायरीपायरीने पातळ करत वाचण्याचा प्रयोगही प्रसिद्ध झाला होता; ते जसजसे पातळ झाले तसतसा साल्मोनेला मागे पडून द्रावणांतले जिवाणू पुढे आले. राल्स्टोनिया आणि ब्रॅडिरायझोबियम ही अशा पाहुण्यांच्या यादीतली नेहमीची नावे आहेत. हे सारे आमच्या प्रमुखांनी वाचलेले आहे. चार वाजताच्या बैठकीत तरीही ते म्हणाले, ‘‘ब्लँकमध्ये थोडेफार असणारच. पण पेशंटमध्ये दुप्पट आहे ना?’’

स्वॅबवर इतके कमी जिवाणू का, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते प्रकल्पाच्या समन्वयक ताईंनी शोधले. आमच्यातल्या त्या एकट्याच खऱ्या माणसांशी बोलतात आणि लेखांच्या यादीत त्यांचे नाव कधी नसते. त्यांनी मुलीच्या आईला फोन केला. आई म्हणाली, ‘‘डॉक्टरांना दाखवायचं होतं ना, म्हणून सकाळी छान आंघोळ घातली. औषधाच्या साबणानं कोपरं नीट घासून पुसली.’’ चोवीस तास आधी धुऊ नये, ही सूचना आमच्या पत्रकात चौथ्या परिच्छेदात आहे. चिघळलेले कोपर तसेच घेऊन कोणती आई डॉक्टरांकडे जाईल, याचा विचार पत्रक लिहिताना कोणी केला नव्हता.

मग ताईंनी स्वतःहून आणखी एक प्रश्न विचारला. मुलीच्या जखमा पिकल्या होत्या, म्हणून दीड महिन्यापूर्वी तिला सात दिवस अँटिबायोटिक दिले होते. फॉर्मवर मात्र ‘गेल्या ३० दिवसांत अँटिबायोटिक घेतले का’ असा प्रश्न होता आणि आईने त्यापुढे खरे तेच लिहिले होते: नाही. शौचाच्या नमुन्यात ऐवज भरपूर होता, त्यामुळे तिथला एन्टरोकॉकस किटमधून आलेला नव्हता. तो खरोखर तिच्या आतड्यात होता. पण स्लाइडवरचा लाल बाण आतड्याकडून त्वचेकडे जात होता. इथे त्वचा पिकली, म्हणून औषध दिले आणि औषधाने आतड्यातली वस्ती मोडली, असा उलटा प्रवास कितीतरी अधिक संभवनीय दिसतो. तीस दिवसांची ती मर्यादा ठरवणाऱ्या मसुद्यावर माझीही सही आहे.

त्याच फाइलमध्ये तिचा जनुकीय अहवाल होता: फिलॅग्रिनमध्ये बदल आढळला नाही. त्वचेचा बाहेरचा थर घट्ट राखणाऱ्या या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध २००६ साली दाखवला गेला, तेव्हापासून तो इसबाचा सर्वांत भक्कम जनुकीय धागा मानला जातो. पण त्या चाचणीत केवळ दोनच बदल तपासले गेले होते आणि ते दोन्ही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारे आहेत. शिवाय या जनुकाच्या तिसऱ्या भागात जवळजवळ एकसारखे असे दहा ते बारा तुकडे ओळीने येतात. आखूड रीड्स त्यातल्या नेमक्या कोणत्या तुकड्याचे, हे यंत्राला धड सांगता येत नाही. अहवालात ‘आढळला नाही’ असे ठळक अक्षरांत होते. कुठे कुठे पाहिले, ते मागच्या पानावर बारीक अक्षरांत होते.

सारांश त्या रात्री स्लाइडशिवाय गेला आणि प्रमुख आठवडाभर माझ्याशी कामापुरतेच बोलले. दोन आठवड्यांनी मी त्याच भेटीतला राखून ठेवलेला दुसरा स्वॅब वेगळ्या लॉटच्या किटने तपासला. ब्रॅडिरायझोबियम नाहीसा झाला होता. त्याच्या जागी आलेले दोन नवे पाहुणे त्या किटच्या ब्लँकमध्येही होते.

आता नमुने पुन्हा घ्यावे लागतील, असे आईला कळवायचे आहे. ताईंनी सांगितले की, तिने दोनदा विचारले, ‘‘मग तिच्या अंगावर कोणता जंतू निघाला?’’ कार्यालयातून आलेल्या पत्राच्या मसुद्यात ‘नमुन्यापूर्वी आंघोळ घातल्यामुळे तपासणी होऊ शकली नाही’ असे वाक्य होते. ते मी खोडले आणि त्याजागी ‘आमच्या सूचनांत व तपासणीत त्रुटी राहिल्यामुळे’ असे लिहिले. पत्र सहीसाठी प्रमुखांकडे गेले, त्याला आज नऊ दिवस झाले.