माळवदाच्या खोलीत नेट का येईना

एप्रिलची 18 तारीख. मार्केट यार्डातल्या सात आडत दुकानांचे जीएसटीचे मासिक रिटर्न मी घरून भरते, आणि त्यातल्या 3बी या रिटर्नची शेवटची तारीख 20. दुपारी एका शेठजींच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला. यार्डात तुरीचा सौदा चालू होता. त्या गोंगाटात त्यांनी एकेक आकडा ओरडून सांगितला, मी टाकला, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायच्या जागी पृथ्वीचा गोळा आला. परत ओटीपी, परत तेच. तिसऱ्यांदा शेठजी म्हणाले, "ताई, सौदा सोडून हेच करत बसू का मी?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी त्यांच्याच खिशातून जाते, कर बाकी असेल तर वर 18 टक्क्यांनी व्याज.

आमचं घर उदगीरच्या जुन्या भागात. पुढची खोली स्लॅबची, मधे अंगण, मागे आजेसासऱ्यांनी बांधलेली माळवदाची खोली. तिच्या भिंती दगड-मातीच्या, दोन फूट जाड. उन्हाळ्यात स्लॅबखाली दुपारचं बसवत नाही, म्हणून होळी झाली की माझं टेबल माळवदाखाली जातं. राउटर मात्र पुढच्या खोलीत टीव्हीजवळ. गेली दोन वर्षं असंच चाललं होतं आणि नेटची तक्रार नव्हती.

यंदा मात्र पंधरा दिवस मी लॅपटॉपलाच दोष देत होते. कारण एकच: त्याच टेबलावर ठेवलेल्या फोनवर सगळं सुरळीत. कंपनीला फोन केला तर "आमची लाइन ओके आहे, लॅपटॉप दाखवून घ्या." फायबरच्या डबीवर लाल दिवा नव्हता, म्हणजे लाइन तुटलेली नव्हती, एवढं मलाही दिसत होतं. संध्याकाळी लॅपटॉप दुकानात नेला. ड्रायव्हर नव्याने टाकला, वीज वाचवायला वायफाय कार्ड बंद करण्याची टिक काढली, चारशे रुपये घेतले आणि "कार्ड जुनं झालंय, बदलावं लागेल" असं सांगितलं. पण त्यांच्या दुकानातल्या वायफायवर माझा लॅपटॉप अर्धा तास एकदाही अडकला नव्हता. हे घरी येताना रस्त्यात माझ्या लक्षात आलं. कार्ड खराब असेल तर तिथं कसं चाललं?

रात्री फोनवर मेसेज आला, आजचा 90 टक्के डेटा संपला. घरात वायफाय असताना मोबाइलचा डेटा कुठे गेला? मग नीट पाहिलं. वायफाय कमजोर पडलं की फोन न विचारता मोबाइल डेटावर जात होता. म्हणजे फोनवर जे "सुरळीत" चाललं होतं ते वायफाय नव्हतंच. तुलना करायची असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग फक्त वायफाय चालू करा. मी तसं केलं तेव्हा फोनही लॅपटॉपसारखाच अडकला. लॅपटॉप निर्दोष ठरला, आणि मला फार हायसं वाटलं, कारण नवा घ्यायची सध्या ऐपत नाही.

19 तारखेला सकाळी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, उघडली. आयपीकॉन्फिग दिलं की डिफॉल्ट गेटवे दिसतो, तो राउटरचा पत्ता, आमच्याकडे 192.168.1.1. त्याला पिंग लावला, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहिलं. राउटर उत्तर देत असेल आणि 8.8.8.8, म्हणजे बाहेरचा गूगलचा सर्व्हर, देत नसेल तर बिघाड बहुधा घराबाहेर. 8.8.8.8 उत्तर देतो पण नाव टाकून साइट उघडत नाही, तर डीएनएसकडे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे, बघायचं. माझ्याकडे राउटरच धड उत्तर देत नव्हता: 300 मिलीसेकंद, 900, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". टीव्हीजवळ जाऊन बसले तर 2 आणि 3. म्हणजे जे काही होतं ते अंगणाच्या अल्याड-पल्याड.

राउटरचे वायफायचे दोन बँड, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ, एकाच नावाने चालू होते. 5चा वेग जास्त, पण भिंतीत तो लवकर मरतो. दोन्हींना वेगळी नावं दिली आणि लॅपटॉप 2.4 वर जोडला. थोडा फरक पडला, सिग्नल 26 टक्के. काम होण्यासारखा नव्हता.

आत्याबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आगं, कूलर बसवल्यापसून हे चालू हाय. तवापसूनच तू लॅपटॉप घेऊन दारात येऊन बसायलीस."

खरंच. सासऱ्यांचं आजारपण झालं म्हणून यंदा पहिल्यांदा कूलर मागच्या खोलीला लावला, अंगणाकडच्या एकुलत्या एका खिडकीत. दोन फुटी भिंतीतून सिग्नल कधी येतच नसणार. तो अंगण ओलांडून त्या खिडकीतून यायचा. तिथं आता लोखंडी पत्र्याचा डबा, आत पाणी भरलेलं. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. आम्ही दोघींनी मिळून कूलर स्टँडसकट हातभर बाजूला ढकलला, चाकं फरशीच्या सांध्यात अडकत होती. लॅपटॉपवर 26 चे 74 झाले. आत्याबाईंना आकडा दाखवला, त्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवून तो नीट वाचला.

कूलर काढायचा प्रश्नच नव्हता, सासऱ्यांना दुपारी तो लागतोच. संध्याकाळी बाजारातून वीस मीटर लॅन केबल आणली. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते, त्यामुळे लांबीची काळजी नव्हती. कपाटात जुना राउटर पडून होता. त्याचा पत्ता 192.168.1.2 केला, डीएचसीपी बंद केलं, आणि केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरून नेट घेणाऱ्या भोकात न लावता लॅनच्या भोकात लावली. डीएचसीपी चालू राहिलं असतं तर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसले असते आणि नवाच घोळ झाला असता. तो राउटर टेबलावरच्या देवळीत बसला, जिथे पूर्वी चिमणी ठेवायचे.

20 तारखेला रात्री पावणेनऊला सातव्या दुकानाचा एआरएन, म्हणजे रिटर्न भरल्याचा पोचक्रमांक, आला. त्या शेठजींचा ओटीपी एकदाच मागावा लागला.

अंगणातल्या केबलवर पीव्हीसी पाइप चढवायचा राहिलाय, मृगाच्या आधी तेवढं करून घ्यायचंय.