सांतियागोच्या वाटेवर पंधरा स्तोत्रे

सारिया सोडले तेव्हा उजाडलेले नव्हते आणि धुके इतके दाट होते की पुढच्या यात्रेकरूच्या काठीचा आवाज येई, पण माणूस दिसत नसे. पाठपिशवीत मी दोन कपड्यांचे जोड, शिक्के घेण्यासाठीची यात्रा-पुस्तिका आणि स्तोत्रसंहितेची, म्हणजे बायबलमधील स्तोत्रांच्या पुस्तकाची, खिशात मावणारी एक प्रत, एवढेच ठेवले होते. स्पेनच्या गालिसिया प्रांतातील सारियापासून सांतियागो दे कोम्पोस्तेला, म्हणजे येशूचा प्रेषित याकोब याची कबर जेथे आहे असे मानले जाते ते शहर, सुमारे ११५ किलोमीटर आहे. पायी येणाऱ्याला तेथे मिळणाऱ्या लॅटिन प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर चालावे लागते, त्यामुळे माझ्यासारखे कमी रजेचे लोक येथूनच सुरुवात करतात. फ्रान्समधून पिरेनीज पर्वत ओलांडून ७८० किलोमीटरांच्या आसपास चालून आलेले यात्रेकरू आमच्या स्वच्छ बुटांकडे पाहून किंचित हसतात, आणि ते हसणे सहन करणे हाही या वारीचा एक भाग आहे.

माझा बेत साधा होता. स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे 'वर चढण्याची गीते' म्हणून ओळखली जातात, आणि सणांसाठी यरुशलेमेकडे चढून जाणारे भाविक ती गात असत, असे मानले जाते. पाच दिवस, रोज तीन स्तोत्रे, कोणाच्याही मदतीशिवाय. मी, वाट आणि देवाचे वचन. या 'कोणाच्याही मदतीशिवाय'बद्दल मला मनातून थोडा अभिमान होता, हे कबूल करायला हवे. मिस्सेला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, मी नियमित जात असे, जपमाळही करत असे, परंतु बायबल मात्र माझे एकटीचे होते. एखादे वचन काढावे, खाली रेघ ओढावी, आपल्याला भिडलेला अर्थ हाच त्याचा अर्थ समजावा, आणि ख्रिस्तसभेचे, म्हणजे चर्चचे, विवेचन म्हणजे वचनाच्या आणि आपल्या मध्ये उभी असलेली एक भिंत आहे असे मानून चालावे, अशी माझी अनेक वर्षांची रीत होती.

पहिल्या दिवशी मिन्यो नदीवरचा उंच पूल ओलांडून पोर्तोमारीनला पोहोचले. जुने पोर्तोमारीन धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. गाव बुडण्यापूर्वी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस, तेथील किल्ल्यासारखे दिसणारे चर्च दगड दगड सुटा करून टेकडीवर पुन्हा उभारण्यात आले. प्रत्येक दगडावर त्या वेळी घातलेले क्रमांक काही ठिकाणी अजूनही वाचता येतात. मी ते बोटाने चाचपत असताना पायऱ्यांवर बसलेले एक वृद्ध धर्मगुरू माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या मांडीवर कडा झिजलेले लॅटिन प्रार्थनापुस्तक होते. दोन-चार वाक्यांत ओळख झाली, आणि दोघांनाही संध्याकाळची प्रार्थना करायची होती म्हणून स्तोत्र १२२ एकत्र म्हणावे असे ठरले.

मी माझ्या भाषेत सुरुवात केली: आपण परमेश्वराच्या घराकडे जाऊ असे लोक मला म्हणाले तेव्हा मला आनंद झाला. त्याच वेळी ते लॅटिनमध्ये पुटपुटत होते: मी आपले डोळे तुझ्याकडे वर लावतो. दोन ओळींनंतर आम्ही दोघेही थांबलो. फादर मनापासून हसले आणि म्हणाले, "तुमचे १२२ म्हणजे माझे १२१. आणि माझे १२२ म्हणजे तुमचे १२३."

कारण त्यांनीच सांगितले. ख्रिस्तपूर्व शतकांत यहुदी पंडितांनी हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर केले, तेव्हा त्यात नववे आणि दहावे स्तोत्र एकच धरले गेले. तेथून आकडे एकाने मागे पडले, आणि पुढे १४७ वे स्तोत्र दोनांत विभागल्यामुळे एकूण संख्या मात्र १५०च राहिली. पहिल्या शतकांतील ख्रिस्तसभा मुख्यतः हे ग्रीक शास्त्र वाचत असे आणि लॅटिन परंपरेने त्याचेच क्रमांक उचलले. माझ्या पुस्तकात हिब्रू क्रमांक होते. गोष्ट क्षुल्लक आहे. क्रमांकावर कोणाचे तारण अवलंबून नाही. तरी त्या रात्री यात्रेकरूंच्या निवाऱ्यात, वरच्या खाटेवरचे घोरणे ऐकत, मी बराच वेळ जागी होते. मी ज्याला एकटीचे समजत होते त्या पुस्तकावर किती हात फिरले होते! कोणी स्तोत्रे मोजली, कोणी भाषांतर केले, कोणते ग्रंथ शास्त्रात घ्यावेत हे कोणी तरी ठरवले. ३९३ मध्ये हिप्पो येथे आणि ३९७ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या प्रादेशिक धर्मसभांनी ग्रंथांची यादी मान्य केली आणि ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या धर्मसभेने ती निःसंदिग्धपणे घोषित केली. बायबलच्या कोणत्याही पुस्तकात बायबलची अनुक्रमणिका नाही. ती आपल्याला ख्रिस्तसभेकडून मिळाली आहे, आणि मी मात्र ती हातात धरूनच ख्रिस्तसभेला बाजूला सारत होते.

दुसऱ्या दिवशी पालास दे रेईपर्यंत आम्ही बरोबर चाललो. फादरांची प्रवचनाची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती, पण चढावर दम लागत असल्यामुळे त्यांची वाक्ये आपोआप आटोपशीर होत. मी त्यांना आदल्या सकाळी वाचलेल्या १२१ व्या स्तोत्राबद्दल विचारले: मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल? धुक्यातून टेकड्या वर येताना मला ते निसर्गाचे स्तोत्र वाटले होते. त्यांनी संत ऑगस्टीनचे विवेचन सांगितले. ऑगस्टीनच्या मते हे डोंगर म्हणजे शास्त्र सांगणारे थोर लोक, प्रेषित आणि शुभवर्तमानकार. सूर्य उगवला की आधी डोंगरांवर प्रकाश पडतो आणि त्यांच्याकडून तो दरीत पोहोचतो. पण स्तोत्र डोंगरांपाशी थांबत नाही, कारण साहाय्य डोंगरांकडून नव्हे, तर त्यांना प्रकाश देणाऱ्या परमेश्वराकडून येते. "म्हणजे डोंगरांकडे पाहायचे की नाही?" मी विचारले. "पाहायचे," ते म्हणाले, "पण त्यांना सूर्य समजायचे नाही."

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावर जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात हेच अधिक काटेकोरपणे सांगितले आहे. पवित्र शास्त्र आणि पवित्र परंपरा एकाच दैवी झऱ्यातून वाहतात, आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याची सेवा करणारा आहे. मी तो दस्तऐवज पूर्वी वाचला होता. परंतु त्यातील 'सेवा' या शब्दावर तोवर थांबले नव्हते. या वाटेवरचे पिवळे बाण पाहताना तो शब्द पुन्हा आठवे. अक्षरओळख नसलेल्यालाही समजतील असे हे बाण ओ सेब्रेइरो या डोंगरावरील गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये रंगवायला घेतले. त्यांनी आधी या मार्गाचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. बाण वाट तयार करत नाही, आणि बाणावर बसून कोणी सांतियागोला पोहोचत नाही. पण धुक्यातल्या तिठ्यावर त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे हे स्वातंत्र्याचे लक्षण आहे असे मला आता म्हणवत नाही.

तिसरा दिवस आर्सुआपर्यंतचा, २९ किलोमीटरांच्या आसपास, आणि त्याची मुख्य घटना म्हणजे डाव्या टाचेवरचा फोड. वाचन जमेना, म्हणून जपमाळ काढली. पावलांची लय लागल्यावर 'नमो मारिये' या जपमाळेतील प्रार्थनेचे दोन भाग किती वेगळे आहेत हे जाणवू लागले. पहिल्या भागातील शब्द लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील आहेत: मारियेला देवदूताने केलेले अभिवादन आणि तिची नातलग अलीशिबा हिचा आशीर्वाद. दुसरा भाग, ज्यात आपण 'देवाच्या माते' म्हणून तिची विनवणी मागतो, तो ख्रिस्तसभेने जोडला, आणि १५६८ च्या रोमन प्रार्थनापुस्तकात त्याला आजचे रूप मिळाले. एके काळी मी हा दुसरा भाग थोड्या संकोचानेच म्हणत असे, कारण तो 'शास्त्रात नाही'. परंतु अलीशिबेचा आशीर्वाद संपतो तेथेच, पुढच्या वचनात, ती विचारते की माझ्या प्रभूच्या मातेने माझ्याकडे यावे हे मला कोठून प्राप्त झाले. इफिसच्या धर्मसभेने ४३१ मध्ये 'देवमाता' ही पदवी मान्य केली ती मुळात ख्रिस्त कोण आहे हे स्पष्ट करण्यासाठी. अलीशिबेचा तो उद्गारच जणू शतकानुशतके चालत प्रार्थनेत आला होता. लंगडत चालणाऱ्या माणसाला एवढे सुचले, हे पुष्कळ झाले.

चौथ्या दिवशी निलगिरीच्या झाडांमधून जाताना सालसेदा गावाजवळ वाटेतच मरण पावलेल्या एका यात्रेकरूचे स्मारक लागले: दगडी भिंत आणि तिच्यात ब्राँझचे बूट. त्या दिवशी १३० वे स्तोत्र होते. 'हे परमेश्वरा, मी खोल ठिकाणांतून तुझा धावा करतो.' त्यात मृतांचा उल्लेखही नाही. ती पापक्षमेची याचना करणाऱ्या जिवंत माणसाची प्रार्थना आहे. तरीही शतकानुशतके ख्रिस्तसभा ती मृतांसाठी म्हणत आली, जणू जे आता स्वतः हाक मारू शकत नाहीत त्यांना तिने आपला आवाज उसना दिला. फादर त्यांच्या १२९ व्या क्रमांकाने आणि मी माझ्या १३० व्या क्रमांकाने ते म्हणत उभे राहिलो. तेथे कोणी काही समजावून सांगितले नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

पुढे चालताना मी तो प्रश्न विचारला जो सारियापासून माझ्या मनात होता. याकोबाविषयी प्रेषितांची कृत्ये एवढेच सांगतात की हेरोद राजाने त्याला तलवारीने मारले. तो स्पेनमध्ये आल्याचे शास्त्रात कोठेही नाही, आणि कबर सापडल्याची हकीकत नवव्या शतकातील आहे. मग आपण कोणाकडे चाललो आहोत? मला वाटले होते की फादर दुखावतील. त्यांनी शांतपणे भेद करून सांगितला: प्रेषितांकडून आलेली विश्वासाची पवित्र परंपरा वेगळी, आणि ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समाजात काळाच्या ओघात रुजलेल्या परंपरा वेगळ्या. पोप तेरावे लिओ यांनी १८८४ मध्ये येथील अवशेषांना मान्यता दिली, तरी ती श्रद्धेची अट नाही. शास्त्रात याकोबाविषयी जे आहे ते मात्र पुरेसे होते: मार्कच्या शुभवर्तमानात तो आणि योहान प्रभूच्या उजवीडावीकडची आसने मागतात, प्रभू विचारतो, मी पितो तो प्याला तुम्हाला पिता येईल काय, आणि दोघेही उत्साहाने 'येईल' म्हणतात. ते एक वचन आणि हेरोदाच्या तलवारीचे दुसरे, ही दोन मी आयुष्यात कधी शेजारी ठेवून वाचली नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी सांतियागोच्या चौकात पोहोचलो. बाराव्या शतकातील 'पोर्तिको दे ला ग्लोरिया' हे तेथील कॅथेड्रलचे शिल्पद्वार आता तिकीट काढून पाहावे लागते. शिल्पकार मास्टर मातेओने त्याच्या चौकटीच्या दगडावर ११८८ हे साल कोरून ठेवले आहे. एका बाजूला मोशे, यशया, दानिएल आणि यिर्मया हे संदेष्टे, दुसऱ्या बाजूला प्रेषित, मध्ये जखमा दाखवणारा ख्रिस्त, त्याच्याभोवती चार शुभवर्तमानकार आणि वर कमानीत वाद्ये जुळवत बसलेले, बायबलच्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकातील चोवीस वडीलजन. दानिएल चक्क हसतो आहे. ख्रिस्ताखाली आसनस्थ याकोब आहे, आणि त्याच्याखालच्या खांबावर दावीद राजाचा पिता इशाय याचा वंशवृक्ष कोरलेला आहे. यात्रेकरूंच्या हातांनी त्या संगमरवरात बोटांचे खळगे पडले आहेत, जेथे आता हात लावता येत नाही. मला फार इच्छा झाली, आणि रक्षकाने बहुधा ती ओळखली, कारण तो एक पाऊल पुढे सरकला.

संध्याकाळच्या मिस्सेनंतर फादर बाजूच्या बाकावर थकून बसले होते. पंधरापैकी एकच स्तोत्र उरले होते, तीन वचनांचे, रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांचे. मी पुस्तक उघडून म्हटले, "फादर, १३४." त्यांनी चष्मा लावला, पाने उलटली आणि म्हणाले, "१३३."

मग आम्ही दोघांनी ते म्हटले.